सराट्याचा हंगाम, तालमीचा हंगाम

दसरा उलटला की वऱ्हाडातली काळी जमीन ओल सोडून कडक होऊ लागते, कपाशीची बोंडे फुटतात आणि पावसाळाभर रस्त्याच्या कडेला जमिनीला बिलगून पसरलेले सराट्याचे वेल करपून तपकिरी पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये याच वेलांवर पाच पाकळ्यांची इवली पिवळी फुले असतात आणि त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. फळ वाळले की त्याची पाच शकले सुटी होतात. प्रत्येक शकलाला दोन लांब आणि दोन आखूड काटे. शकल जमिनीवर कसेही पडले तरी एखादा काटा वर तोंड करून राहतोच. अनवाणी पावलात, गुरांच्या खुरांच्या बेचक्यात आणि सायकलच्या टायरमध्ये तो सारखाच सहज शिरतो.

याच महिन्यांत वऱ्हाडातल्या तालमींना रंग चढतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा अंगमेहनत म्हणजे शिक्षाच. पावसाळ्यात चिखल आणि शेतीची घाई. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे 10-12 अंशांची बोचरी थंडी आणि दुपारी 28-30 अंशांचे कोवळे ऊन असते. घरात डिंकाचे, मेथीचे लाडू होतात, भूक वाढते, अन्न पचते. आयुर्वेदानेही हा काळ व्यायामाचा मानला आहे. अंगात बळ असलेल्या आणि तुपातेलाचे खाणाऱ्या माणसाने थंडीत व वसंतात आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे वाग्भटाने सांगितले. निम्मी ताकद कुठे संपते याची खूण सुश्रुतसंहितेत आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे.

वऱ्हाडाचा हिवाळा असा दुहेरी. रस्त्यावर चाकाची परीक्षा आणि छपराखाली शरीराची मशागत. अमरावती-अकोल्याच्या या दोन्ही कहाण्या एकाच कालखंडात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, शेजारी शेजारी घडत गेल्या. चाक परदेशातून आले होते, व्यायाम इथल्याच मातीतला होता. दोन्हींना इथल्या माणसांनी आपल्या हवामानाला आणि आपल्या खिशाला पेलेल असे वळण दिले.

हवेचा टायर येण्याआधी सायकलला पंक्चर नव्हते, कारण तिला हवाच नव्हती. चाकांवर भरीव रबर किंवा लोखंडी पट्टी असे आणि हाडे खिळखिळी होत. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने 1845 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले. 1888 साली बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने तीच कल्पना नव्याने अंमलात आणली आणि सायकलचा चेहरामोहरा बदलला. गादीसारखे चाक मिळाले आणि त्याबरोबर एक नवे दुखणेही. डनलॉपचे सुरुवातीचे टायर धावेला चिकटवलेले असत, त्यामुळे भोक पडले की दुरुस्तीत तासन्‌तास जात. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी 1891 मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत झाली आणि ती शार्ल तेरों या स्वाराने मिशेलिनच्या टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिनने पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत भरवली, तेव्हा वाटेत मुद्दाम खिळे पसरवले. पंक्चर होणारच, प्रश्न ते किती लवकर निघते एवढाच आहे, हे त्यांना जगाला दाखवायचे होते.

वऱ्हाडात खिळे पसरवण्याची गरज नव्हती. सराटा ते काम फुकट करत होता.

मराठी मुलखात सायकल आली ती मुंबईच्या बंदरातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातच 1888 साली बेळगावात सायकलविक्री आणि दुरुस्तीच्या दुकानाने झाली. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि मुंबईहून पाठवलेल्या सायकली बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा विकत. याच घराण्याने पुढे काळ्या जमिनीसाठी लोखंडी नांगर काढला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्याआधीचा सायकलचा अध्याय तितकासा सांगितला जात नाही.

वऱ्हाडाला मुंबईशी जोडले ते कापसाने. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला आणि त्यानंतर पांढऱ्या सोन्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती या मुख्य मार्गावर नव्हतीच, तिला बडनेऱ्याहून छोटा फाटा काढून जोडावे लागले. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ गाठणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वेही कापसासाठीच आली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते, वकील, शाळामास्तर, सरकारी कारकून अशी नवी शहरी वस्ती तयार झाली. इंग्लंडहून आलेली रॅले किंवा हर्क्युलिस अशा लोकांच्या आवाक्यात आधी आली. घोडा पोसायला वैरण लागते, टांग्याला भाडे लागते. सायकलला तेलाचे चार थेंब आणि हवा पुरते.

पण या सायकलला जो रस्ता मिळाला, तो बैलगाडीचा होता. दिवाळीनंतर बंड्या आणि गाड्या भरभरून कापूस अमरावती-अकोल्याच्या बाजारात येऊ लागला की मुरमाच्या रस्त्यावर बैलांची रीघ लागे. खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्रे ठोकलेले असत. त्यांचे खिळे वाटेत गळत आणि सायकलच्या टायरला भेटत. रब्बीची पेरणी आटोपली की हरभऱ्याचे, गव्हाचे रान गुरांपासून राखायला बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्यांचे कुंपण घालायचे. या फांद्या तोडून, ओढून किंवा गाडीत लादून नेताना वाटभर काटे सांडत. बाभळीचा काटा पांढरा, सरळ, सुईसारखा टोकदार आणि बोटभर लांब. तो टायर, ट्यूब दोन्ही भेदून पार होतो आणि हवा तिथल्या तिथे जाते. बोरीचा काटा आखूड आणि वाकडा असतो. सराटा त्याहून कपटी. तो टायरमध्ये रुतून बसतो, भोक स्वतःच बुजवून धरतो आणि हवा रात्रभर हळूहळू जाते. सकाळी शाळेला किंवा कचेरीला निघताना चाक बसलेले दिसते.

या तीन काट्यांची ओळख असणे ही सायकल दुरुस्त करणाऱ्याची पहिली विद्या.

दुकान म्हणजे बहुधा झाडाखालची किंवा ओट्यावरची चार हात जागा. उभा हातपंप, पाण्याचे घमेले, पाने, कानस, रबर सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबमधून कापलेले गोल-चौकोनी तुकडे. पंक्चर काढायला चाक सोडवावे लागत नाही. सायकल आडवी किंवा उलटी करून टायरची एक कड दोन पान्यांनी धावेबाहेर उचलायची, ट्यूब ओढून घ्यायची, तिच्यात हवा भरायची आणि वीतभर वीतभर करत ती पाण्यातून फिरवायची. बुडबुड्यांची माळ दिसली की तिथे खूण. मग ती जागा कोरडी पुसायची, कानशीने खरवडायची, सोल्युशन पसरायचे आणि थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे. ओल्या सोल्युशनवर तुकडा बसवला की तो आठ दिवसांत सुटतो, आणि थंडीच्या दिवसांत सोल्युशन सुकायला उशीरच लागतो. तुकडा बसला की त्यावर हातोडीचे दोन-चार हलके ठोके.

नवखा माणूस इथे काम झाले असे समजतो. जाणता कारागीर ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या अंगावरून बोटे सावकाश फिरवतो, दोनदा फिरवतो. सराट्याचे मोडलेले टोक बाहेरून दिसत नाही, आतून तांदळाच्या कणीएवढे लागते. ते राहिले तर नवे पंक्चर घरी पोहोचण्याआधी तयार असते. शेवटी वॉल्व्हची तपासणी. जुन्या सायकलच्या वॉल्व्हमध्ये पितळी नळीवर बारीक रबरी नळी चढवलेली असते आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ती कडक होऊन चिरते. वॉल्व्हवर ओले बोट टेकवायचे. फुगा आला तर पंक्चरचा आळ काट्यावर उगाच होता.

पंक्चर टाळण्याचे शहाणपण असेच वापरातून आले. पहिला नियम चाक घट्ट ठेवण्याचा. दुपारी 30 अंशांत 45 पौंड हवा भरलेले चाक पहाटे 10 अंशांत 41 पौंडांच्या आसपास येते, कारण थंड हवा आकसते. मऊ चाकाची अधिक रुंद पट्टी जमिनीला टेकते, म्हणजे अधिक काटे वेचते. शिवाय खडीच्या टोकावर आदळले की ट्यूब धाव आणि दगड यांच्यात चिमटून तिला जोडीने दोन भोके पडतात. म्हणून हिवाळ्यात पहाटे निघताना अंगठ्याने टायर दाबून पाहायचा. उन्हाळ्यात नेमके उलटे. तेव्हा गच्च हवा भरलेली सायकल उन्हात उभी केली की जुन्या पंक्चरवरचे तुकडे सुटतात, ट्यूब फुटते, म्हणून तिला लिंबाच्या सावलीत टेकवायचे आणि हवा थोडी कमी ठेवायची.

दुसरा नियम वाटेचा. सराटा पायदळी तुडवलेल्या जागी वाढत नाही, त्याला कड हवी असते. समोरून गाडी आली म्हणून सायकल रस्त्याच्या कडेला उतरवली की काटे लागलेच. शक्य तिथे चाकोरीतून जायचे, आणि शेतात शिरायचे असेल तर सायकल सरळ खांद्यावर घ्यायची. तिसरा उपाय टायरच्या आतला. झिजलेल्या टायरची कड कापून त्याची पट्टी नव्या टायरच्या आत अस्तरासारखी बसवायची. चाक जड होते, पण आखूड काटा ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. पुढे कारखान्यांनी टायरच्या पोटात कठीण धाग्यांचे पट्टे घातले. त्यासाठी वापरले जाणारे केव्हलार 1965 साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधले. त्या पट्ट्यामागचे तत्त्व आणि जुन्या टायरच्या अस्तरामागचे तत्त्व एकच.

सराट्याने त्रस्त झालेला वऱ्हाड एकटा नाही. ही वनस्पती अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात पोहोचली आणि तिथल्या सायकलस्वारांची, मेंढपाळांची डोकेदुखी झाली. तिला आवरण्यासाठी 1961 मध्ये दोन जातींचे भुंगे तिथे आणून सोडण्यात आले. एक तिचे बी पोखरतो, दुसरा खोड. भारत, फ्रान्स आणि इटली ही या भुंग्यांची मूळ घरे. आपल्याकडे मात्र हेच झाड गोखरू म्हणून औषधात जाते, दशमुळांत मोडते आणि लघवीच्या विकारांवर वैद्य ते देतात. रस्त्यावरचा वैरी वैद्याच्या डब्यात कामाला येतो.

आता छपराखालची गोष्ट.

बर्फाच्या देशांत हिवाळा आला की सायकलस्वाराला दार लावून घ्यावेच लागते. घरात बसून पाय चालवण्याचे यंत्र तिथे फार लवकर सुचले. फ्रान्सिस लाउंड्सने 1796 साली ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट लंडनमध्ये घेतले. सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढे शर्यतीचे स्वार लाटण्यांसारख्या फिरत्या रुळांवर सायकल ठेवून हिवाळाभर सराव करू लागले. वऱ्हाडाला असे कोंडून घेण्याची वेळ हवामानाने कधी आणली नाही. तरी पहाटेच्या अंधारात, गार वाऱ्यात, आडोशाला जमून घाम गाळण्याची व्यवस्था इथे होती आणि तिचे नाव होते तालीम. यंत्राऐवजी तिथे माती, लाकूड आणि स्वतःच्या शरीराचे वजन वापरले जाई.

वऱ्हाडात या तालमीला राष्ट्रीय चळवळीचे बळ मिळाले. 1897 साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले, चेट्टूर शंकरन नायर अध्यक्ष होते. टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच, आणि 1912 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रंगनाथ मुधोळकरही इथलेच. गणेशोत्सव, शिवजयंती यांबरोबर व्यायामशाळा ही त्या काळच्या सार्वजनिक जीवनाची गरज मानली जाई. अशा वातावरणात 1914 साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला.

वैद्य बंधूंनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी तालमीचे शिक्षणसंस्थेत रूपांतर केले. पूर्वी वस्तादाजवळची विद्या एका गल्लीपुरती, फार तर एका गावापुरती राही. अमरावतीला शाळामास्तरांसाठी सुटीत वर्ग भरू लागले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, आसने, देशी खेळ हे सारे क्रमाने, हुकुमांसह आणि नियमांसह शिकवले जाऊ लागले, आणि शिकलेला मास्तर ते आपल्या गावच्या शाळेत नेऊ लागला. हुतात्मा शिवराम राजगुरू यांनीही इथे व्यायामाचे धडे घेतले. मंडळाच्या उभारणीत ज्यांचा हात होता त्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी पुढे 1946 साली अमरावतीजवळ तपोवन उभारून कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वाहिले. व्यायामाचा अर्थ इथे दंडाच्या घेरापुरता राहिला नव्हता, हे या माणसांच्या वाटचालीवरून कळते.

पहाटेच्या तालमीचा क्रम ठरलेला. आधी हौदातली लाल माती फावड्याने उकरून सैल करायची. ही माती साधी नसते. तेल, ताक, हळद घालून ती महिनोन्‌महिने मुरवलेली असते, त्यामुळे ती अंगाला खरचटत नाही आणि गार पहाटेही हाताला मऊ लागते. मग मारुतीला नमस्कार. अंगावर तेल चोळून जोर आणि बैठका. जोरात छाती जमिनीलगत घासत पुढे जाते आणि कंबर वर उठते, तेव्हा खांदे, पाठ, पोट सारे एका दमात कामाला लागते. बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि हात झुलत पुढे-मागे जातात. दहा-पंधरा मिनिटांत अंगातून वाफा निघू लागतात आणि बाहेरची थंडी विसरली जाते. ज्याला कुस्ती खेळायची तो मातीत उतरतो, बाकीचे मल्लखांबाकडे वळतात. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. दोरीच्या मल्लखांबाला तर आढ्याची एक मजबूत तुळई पुरते. कोपऱ्यात मुद्गल आणि करेला उभे असतात.

हे मुद्गल फार लांबचा प्रवास करून आले आहेत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते पाहिले, हलके करून मायदेशी नेले आणि युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत त्यांची लाट आली. 1904 च्या सेंट लुईस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच होती.

पाठोपाठ, चार वर्षांनी, अमरावतीकर स्वतः गेले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. कबड्डीच्या कोणत्याही इतिहासात हा टप्पा येतो. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, त्याआधी 54 वर्षे वऱ्हाडातल्या मातीत तयार झालेल्या खेळाडूंनी ती जगापुढे मांडली होती. मंडळाची धुरा पुढे दीर्घकाळ पद्मश्री प्रभाकरराव वैद्य यांनी वाहिली आणि आखाड्याच्या जागी पदवीपर्यंतचे शारीरिक शिक्षण देणारी संस्था उभी राहिली.

घरातल्या घरात करण्याच्या व्यायामाचीही याच काळात मांडणी झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1920 च्या दशकात सूर्यनमस्काराचा प्रचार हाती घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत तो रुजवला. माणूस आडवा मावेल एवढी जागा, साधने शून्य, आणि सगळ्या सांध्यांना चालना. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ हे दहा खंडांचे काम पार पाडले. एका भाषेत व्यायामावर एवढा विस्तृत कोश असणे, ही मराठीची अभिमानाने सांगावी अशी मिळकत आहे.

सायकल आणि तालीम ही दोन जगे एकमेकांना अनोळखी नव्हती. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबमधले काही पारशी तरुण 15 ऑक्टोबर 1923 रोजी सायकलवर जगाच्या प्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि 1928 च्या मार्चमध्ये ते सुमारे 71,000 किलोमीटर तुडवून परतले. वाळवंट, बर्फ, दलदल यांतून चाके ओढणारी ही पोरे वजने उचलून तयार झालेली होती. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला पायांइतकेच कंबर आणि खांदे लागतात, हे आजचे प्रशिक्षकही सांगतात. जोर, बैठका आणि मल्लखांब नेमके तेच घडवतात.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाची झाली. 1930 च्या दशकाच्या अखेरीस देशात सायकली बनू लागल्या होत्या. मग मद्रासकडे टीआय सायकल्स, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला 1956 मध्ये हिरो असे कारखाने उभे राहिले आणि काळी, जाडजूड, 28 इंची सायकल दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सर्वांच्या दारात आली. ज्याला विकत घेणे परवडत नसे, त्याला तासाच्या भाड्याने मिळे. नगरपालिकेचा पितळी बिल्ला पुढे लावायचा, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवायचा. अमरावतीच्या परकोटातल्या जवाहर गेट, नागपुरी गेटच्या गल्ल्यांत आणि अकोल्यात मोर्णा नदीच्या दोन्ही काठांना सायकल हेच वेळेवर पोहोचण्याचे साधन होते. हे सगळे 1980 च्या दशकापासून ओसरत गेले. मोपेड आली, मोटारसायकल आली, भाड्याच्या सायकलींची दुकाने मिटली. तालमींच्या जागी आरशांच्या जिम आल्या आणि त्यांत एका जागी उभ्या राहणाऱ्या सायकली.

गेल्या काही वर्षांत चाक पुन्हा फिरू लागले आहे. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी पहाटे गट करून निघतात. 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या राइड्स विदर्भातही रुजल्या. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला 40 तास अशी मुदत असते आणि वाटेतले पंक्चर ज्याचे त्याने काढायचे असते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, तेव्हा विदर्भाच्या सायकलीला जगाच्या नकाशावर जागा मिळाली. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणे ही हिवाळ्यातली मोठी हौस झाली आहे.

रस्ताही पालटला. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटरची डांबरी पट्टी 105 तास 33 मिनिटांत सलग टाकली गेली आणि तिची गिनेस बुकात नोंद झाली. या गुळगुळीत डांबरावर बैलांच्या खुरांचे खिळे नाहीत. त्यांची जागा फुटलेल्या ट्रकटायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारांनी घेतली आहे, आणि त्या नेमक्या सायकलला सोडलेल्या कडेलाच साचतात. सराटा तर त्याच कडेला पूर्वीसारखाच उगवतो. ट्यूबशिवायच्या नव्या टायरमध्ये रबराच्या चिकाचे सीलंट भरतात, ते बारीक भोक आपोआप बुजवते. पण वऱ्हाडच्या उन्हात ते लवकर वाळते, दर काही महिन्यांनी नव्याने भरावे लागते आणि त्याचा खर्च हौशी स्वारालाच झेपतो.

हा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांचा विचार आधी व्हायला हवा. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. खेड्यातून चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या अशा मुलीला पंक्चर झाले की तिचा त्या दिवसाचा पहिला तास बुडतो, कधी शाळाच बुडते, आणि वाटेत दुकान उरलेले नसते. यावरचे उपाय जुने, स्वस्त आणि सिद्ध झालेले आहेत. सराटा पावसाळ्यात, फुलावर असताना, मुळासकट उपटला तर बी धरत नाही. जमिनीत पडलेले बी काही वर्षे जिवंत राहते, म्हणून शाळेच्या वाटेवर हे काम ओळीने काही पावसाळे करावे लागेल, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिराला ते सहज जमेल. प्रत्येक शाळेत एक उभा पंप, घमेले, कानस आणि सोल्युशन ठेवून आठवीच्या मुलामुलींना पंक्चर काढायला शिकवता येईल. कार्यानुभवाच्या तासाला याहून उपयोगी धडा मिळणे कठीण. आणि त्याच शाळेच्या एखाद्या खोलीत आढ्याला दोरीचा मल्लखांब टांगला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत शिकवायला माणसेही दूरची आणावी लागणार नाहीत. ती घडवणारी संस्था शंभराहून अधिक वर्षे अमरावतीतच आहे.